चहाला नावे ठेवणारे दीर्घायुषी होतात

मंदाताई इंगळे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या माझ्या वडिलांची तक्रार एका वहीत उतरवून घेत होत्या. धायरीच्या आमच्या वृद्धाश्रमात वडिलांना येऊन तोवर जेमतेम वीस मिनिटे झाली होती. मी गादीवर चादर घालत होतो. खिडकी पूर्वेला आहे आणि सूर्य परवानगी न घेता आत येतो, अशी नानांची, म्हणजे वडिलांची, तक्रार होती. मला शरमल्यासारखे झाले. मंदाताईंनी मात्र शांतपणे विचारले, "सगळं लिहू, का थोडक्यात?"

"थोडक्यात. मी तारमास्तर होतो," नाना म्हणाले. "लिहा. सूर्य. लवकर."

त्यांनी तेवढेच लिहिले, खाली 'नोंद घेतली' असे लिहून सही केली आणि वही नानांना दाखवली. नानांनी चष्मा लावून ती वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान मला दिसले, ते मी घरात बरेच दिवस पाहिले नव्हते.

मंदाताई यंदा साठ वर्षांच्या झाल्या. त्यानिमित्त निघणाऱ्या या अंकात मीही लिहावे, असे मंडळींनी सांगितले. मी पाटबंधारे खात्यात लिपिक होतो. खडकवासल्याच्या पाण्याची पातळी कागदावर उतरवण्यात माझी नोकरी गेली. माणसांविषयी लिहिण्याची मला सवय नाही. तरी ज्यांच्यामुळे मला माझे वडील आणखी सहा वर्षे लाभले, त्यांच्याविषयी गप्प राहणे बरे नव्हे, म्हणून हे लिहितो आहे.

नाना आश्रमात स्वतःहून आले. आई गेल्यानंतर दोन वर्षे ते आमच्या घरी होते. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि त्यांचे गुडघे गेलेले. धाकटा भाऊ संगणकाच्या नोकऱ्यांच्या त्या लाटेत अमेरिकेला गेला होता. मी आणि पत्नी दोघेही दिवसभर बाहेर. एके दिवशी नानांनी वर्तमानपत्रातली जाहिरात कापून माझ्यासमोर ठेवली. "तिथे जिना नाही," एवढेच ते म्हणाले. आमच्या घरात बोलणे असे तारेसारखेच चाले. त्यांनी जास्त बोलायचे नाही आणि मी जास्त विचारायचे नाही. शाबासकी तर त्यांनी मला कधीच दिली नाही. मी मॅट्रिकला चांगल्या गुणांनी पास झालो तेव्हा त्यांनी गुणपत्रिका पाहून 'भूगोल?' एवढेच विचारले होते.

आता त्या वहीविषयी सांगतो. संस्थेची तक्रारवही पूर्वी कार्यालयाबाहेर खिळ्याला अडकवलेली असे. विश्वस्त आले की चाळत आणि परत अडकवून ठेवत. मंदाताई परिचारिका म्हणून रुजू झाल्यावर वही खिळ्यावरून निघाली आणि चहाबरोबर फिरू लागली. रोज सकाळी आणि दुपारी चारला त्या कपबशांच्या ट्रेमागून वही घेऊन निघत. चहा दिला की हलत नसत. एक घोट घेईपर्यंत थांबून विचारत, "आज काय कमी आहे?"

मला आधी वाटले, या बाई फारच सोशीक आहेत. कारण आमच्याकडची मंडळी पुण्याची. पेन्शनर, शिक्षक, बँकेतले, कोणी सरकारी खात्यातले. यांच्याकडे तक्रारींना तोटा कसला. चहा पाणचट, पोळी चिवट, पंखा फिरतो पण वारा देत नाही, शेजारचे गृहस्थ घोरतात ते सुरात घोरत नाहीत. मंदाताई सगळे उतरवून घेत. ज्यावर उपाय होता तो करत, बाकीच्यांखाली सही करत.

यामागचे कारण त्यांनी मला पुष्कळ पुढे सांगितले. मंदाताई अकोल्याकडच्या. शिक्षण तिकडेच झाले. पतीला पुण्यात कारखान्यात काम मिळाले म्हणून त्या वारज्याला राहायला आल्या आणि तिथून रोज लुनावरून धायरीला येऊ लागल्या. त्यांच्या गावाकडे कोणी दिलेल्या चहाला नाव ठेवणे म्हणजे भांडण काढणे. इथे आल्यावर पहिला महिनाभर त्या स्वयंपाकघरात जाऊन रडत असत. चहाची पूड त्यांनी तीनदा बदलून पाहिली. लिमयेआजी नावाच्या एक बाई होत्या, त्या रोज चहाला भांडी विसळल्याचे पाणी म्हणत. एक दिवस आजींनी चहा मुकाट्याने घेतला आणि 'आज उत्तम जमलाय हो' असे म्हणाल्या. मंदाताईंना इतका आनंद झाला की त्यांनी आत जाऊन स्वयंपाकीणबाईंचे अभिनंदन केले. खरे तर आजींच्या अंगात ताप होता. छातीत कफ भरला होता. भांडायला बळच उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवले, पण फार उशीर झाला होता.

"मला त्या दिवशी आनंद झाला, हेच माझं चुकलं," मंदाताई मला म्हणाल्या होत्या. "इथलं माणूस गोड बोललं, की आधी नाडी बघायची."

तेव्हापासून ती वही. तक्रार केलेल्या माणसाची त्यांना काळजी नसे. ज्याच्या नावापुढची जागा रिकामी राहिली, त्याच्या खोलीत त्या अर्ध्या तासात पुन्हा जात. वहीचा एक नियम त्यांनी केला होता. ती घरच्यांना दाखवायची नाही. सुनेबद्दल लिहिलेले मुलाने वाचले तर पुढच्या वेळी कोणी खरे लिहिणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

नानांना तिथे तीन वर्षे झाली होती. मी दर रविवारी चार वाजता जात असे. त्या रविवारी गेलो तेव्हा नाना व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. चेहरा जरा ओढलेला वाटला, पण उन्हाळा होता. मंदाताई चहा देऊन शेजारच्या आजोबांकडे वळल्या होत्या. नानांनी चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "छान झालाय."

नानांना मधुमेह. बिनसाखरेच्या चहाला ते रोज 'औषधी काढा' म्हणत. मी जरा चमकलो. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "तू बरा मुलगा आहेस, वसंता. दर रविवारी येतोस."

मी तेव्हा चाळीस वर्षांचा होतो. हे वाक्य ऐकायला मी किती वर्षे थांबलो होतो, ते ऐकल्यावर कळले. मनात आले, चला, वयाने का होईना, माणूस निवळला. इथे आणून सोडल्याचा जो सल मनात होता, तोही त्या क्षणी उतरला. मी आनंदाने मंदाताईंकडे वळून म्हटले की आज नानांनी चहा चांगला झाला म्हणून सांगितले.

मंदाताईंच्या हातातली वही खाली पडली. त्या दोन पावलांत नानांपाशी आल्या. कपाळावर हात फिरवला तर पंख्याखाली बसूनही ते घामाने ओले होते. मनगट धरूनच त्यांनी विचारले, "नाना, चहात काय कमी आहे?"

"काही नाही."

"छातीत दुखतंय?"

"नाही. जबडा जरा जड वाटतो," नाना म्हणाले. "पण ही तक्रार नव्हे."

"वसंतराव, उठा. खुर्चीसकट उचलायचं आहे यांना. एक पाऊलही चालवायचं नाही."

आणि मी काय म्हणावे? मी म्हणालो, "अहो ताई, आज तर ते खुशीत आहेत."

"खुशीत? तुमचे नाना?" त्यांनी माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. "कधी पाहिलंत हो तुम्ही त्यांना खुशीत?"

संस्थेच्या डॉक्टरांना फोन लावून त्यांनी दोन वाक्यांत परिस्थिती सांगितली. डॉक्टरांनी जी गोळी चावायला द्यायला सांगितली, ती त्यांनी आधीच काढून हातात ठेवली होती. रुग्णवाहिकेसाठी फोन केला तर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेली. संस्थेची स्वतःची गाडी नव्हती.

आमच्या फाटकासमोरच्या इमारतीत नोकरी करणाऱ्या मुली राहत. संगणक कंपन्यांच्या गाड्या त्या दिवसांत सुट्टीच्या दिवशीही त्यांना न्यायला येऊ लागल्या होत्या. आमच्या मंडळींना त्या गाड्यांचा फार राग. वहीत 'समोर भोंगा वाजतो' अशा कितीतरी नोंदी आहेत. त्या वेळी तशीच एक सुमो भोंगा वाजवत उभी होती. मंदाताई रस्त्यावर जाऊन तिच्यापुढे उभ्या राहिल्या. चालक म्हणू लागला की वेळेत पोचलो नाही तर माझी नोकरी जाईल. त्यावर वाद होण्याआधीच गाडीत चढत असलेली एक मुलगी खाली उतरली. "दादा, आधी हे," ती म्हणाली. मग आतले तिघेही उतरले. त्या मुलीचे नाव स्नेहल. तिने आपल्या मोबाइलवरून रुग्णालयाचा नंबर मिळवून फोन मंदाताईंच्या हातात दिला आणि तो परत मागितला नाही. मागची सीट पाडून आम्ही नानांना टेकवून बसवले.

सिंहगड रस्त्याची रविवारची दशा सगळ्यांना माहीत आहे. धायरी फाट्यापासूनच गाड्या अडकल्या होत्या. मंदाताईंचा एक हात नानांच्या मनगटावर होता. त्या त्यांना बोलते ठेवायला बघत होत्या.

"नाना, रस्ता कसा आहे?"

"बरा आहे."

"गाडी लागतेय का?"

"नाही. ठीक."

प्रत्येक 'ठीक'सरशी मंदाताईंचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. तोवर मला भीती वाटली नव्हती, ती तेव्हा वाटली. पुलाच्या अलीकडे गाडी पूर्ण थांबली. नानांनी डोळे मिटले. मंदाताई त्यांच्या कानाशी वाकल्या. आवाज त्यांनी चढवला नाही. "नाना, आजचा चहा मी केला होता. स्वयंपाकीणबाई रजेवर आहेत. चांगला झाला नव्हता, मला माहीत आहे. आता खरं सांगा."

चालकाने खाली उतरून पुढच्या दोन गाड्या बाजूला घ्यायला लावल्या. गाडी हलली. नानांचे डोळे मिटलेलेच होते.

"पाणचट," ते म्हणाले.

मंदाताई हसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि त्या हसत होत्या. "आणखी?" त्यांनी विचारले.

"कढत नव्हता."

"आणखी सांगा."

रुग्णालय येईपर्यंत चहाचे सात दोष निघाले. दारात माणसे चाकाची खाट घेऊन तयार होती, कारण मंदाताईंनी त्या मोबाइलवरून सगळे आधीच कळवले होते. हृदयविकाराचा झटका होता. मधुमेही माणसाला कधी कधी छातीत दुखत नाही, नुसता घाम येतो आणि गळून जायला होते, असे डॉक्टरांनी मला समजावले. आणखी अर्धा तास गेला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो, असेही ते म्हणाले. तो अर्धा तास मी शाबासकीच्या आनंदात घालवणार होतो.

तिसऱ्या दिवशी नानांना चमच्याने चहा दिला. मंदाताई पाहायला आल्या होत्या. नानांनी खुणेने त्यांना जवळ बोलावले आणि म्हणाले, "इथला चहा तुमच्याहून वाईट आहे." सबंध नोकरीत मिळालेले एवढे एकच प्रशस्तिपत्र, असे मंदाताई अजून सांगतात.

स्नेहलचा मोबाइल परत द्यायला मी गेलो, तेव्हापासून ती आश्रमात येऊ लागली. मूळची नागपूरची, पुण्यात कोणी नाही. मंदाताईंशी गावाकडच्या बोलीत गप्पा मारायला मिळतात म्हणून यायची, मग नानांसाठी येऊ लागली. दिवाळीत तिने लाडू केले. त्यावर नानांची नोंद वहीत आहे, आणि ती त्यांनी स्वतः सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती: 'लाडू टणक. मुलगी बरी.' 'बरी'च्या आधी एक शब्द लिहून खोडलेला होता. तो कोणता, हे त्यांनी सांगितले नाही.

मंदाताईंच्या चांगुलपणाच्या गोष्टी प्रत्येकाकडे आहेत. परदेशातल्या मुलांची पत्रे कमी होऊन ईमेल सुरू झाले, तेव्हा धायरी फाट्यावरच्या इंटरनेटच्या दुकानात त्या एकेकाला रिक्षाने घेऊन जात. पत्रे कागदावर छापून आणत आणि मोठ्या अक्षरांत छापायला लावत. एका आजोबांना नातवाचा चेहरा पडद्यावर दिसला तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि 'आधी केस काप' असे म्हणाले. तीही तक्रार मंदाताईंनी वहीत लिहिली आणि खाली 'अमेरिकेला कळवले' असा शेरा मारला. मात्र त्या मऊ आहेत असे कोणी समजू नये. गोळ्या उशीखाली लपवणाऱ्यांना त्यांनी खरमरीत शब्दांत सुनावले आहे. भेटीला न येणाऱ्या एका मोठ्या अधिकाऱ्याला फोन करून त्यांनी सांगितले होते की तुमच्या आईंनी तुमची तक्रार करणेसुद्धा आता सोडले आहे, तेव्हा ताबडतोब या. तो त्याच संध्याकाळी आला.

नाना बरे होऊन पुन्हा धायरीला आले. त्यांच्या तक्रारी जोरात सुरू झाल्या. मी सुटकेचा निःश्वास सोडला, पण मनात एक गोष्ट राहून गेली. 'तू बरा मुलगा आहेस' हे ते मनापासून बोलले होते, की तेही घामासारखेच आजाराचे लक्षण होते? त्यांना विचारणे शक्य नव्हते. आमच्यात तशी पद्धत नव्हती. शेवटी एकदा व्हरांड्यात मी मंदाताईंना विचारले.

त्यांनी हातातली वही मिटली. "वही घरच्यांना दाखवता येत नाही, वसंतराव," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही रविवार चुकवू नका."

मी चुकवला नाही. सहा वर्षांत एकही नाही. नाना शेवटी गेले ते सकाळी, झोपेत, कोणालाही त्रास न देता. आदल्या दिवशीच्या चहाला त्यांनी 'काल याहून बरा होता' असे म्हटले होते, म्हणून मंदाताईही निश्चिंत होत्या. अशी शांत गाठ मरणाशी पडणे हेही भाग्यच.

तेरावा झाल्यावर मंदाताई लुनावरून आमच्या घरी आल्या. तीन जिने चढल्यामुळे त्यांना दम लागला होता. पिशवीतून त्यांनी जुन्या तक्रारवह्या काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि सांगितले की आता हरकत नाही. प्रत्येक रविवारच्या पानावर त्यांनी दोऱ्याची खूण घातली होती. नंतरच्या काळात नाना नोंदी स्वतःच लिहीत. तिरपे, तारमास्तरी अक्षर.

'मुलगा चारला येतो, सहाला जातो. वेळ अपुरा.'

'बस बंद. मुलगा फाट्यापासून उन्हात पायी आला. पालिकेने लक्ष घालावे.'

'मुलगा वाळला आहे. घरी कोणी पाहत नाही काय?'

आणि आजारपणानंतरच्या एका रविवारी: 'रविवार आठवड्यातून एकच. सुधारणा व्हावी.'

त्याखाली मंदाताईंच्या अक्षरात लिहिले होते, 'नोंद घेतली.'

मी ते वाचेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. पत्नीने केलेला चहा त्यांनी घेतला आणि वेलदोडा जास्त झाला आहे, असे तिला स्पष्ट सांगितले. आमच्या घरात कित्येक दिवसांनी कोणीतरी हसले.

निवृत्त झाल्यापासून मी रविवारी आश्रमात जातो आणि वही धरून मंदाताईंच्या मागे हिंडतो. आता खोल्याखोल्यांत मोबाइल आले आहेत आणि 'रेंज नाही' ही नवी तक्रार सगळ्यांत जास्त असते. मंदाताई तीही गंभीरपणे लिहून घ्यायला लावतात. बहुतेक जण त्यांना ताई म्हणतात, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेही.

या सत्काराची गोष्ट त्यांच्या कानावर घालायला आम्ही गेल्या रविवारी व्हरांड्यात जमलो होतो. त्या दिवशीचा चहा रहिवाशांनी स्वतः केला होता आणि पहिला कप मंदाताईंना दिला. त्यांनी घोट घेतला. सत्कार नको, माझे काही एवढे नाही, असे पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "चहा मात्र अगदी छान झालाय."

मग शेजारी बसलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या आजींनी हात पुढे करून मंदाताईंचे मनगट धरले आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या कपाळावर घाम आहे का ते पाहिले. कोणीतरी खुर्ची उचलायला माणसे बोलवा म्हणाले. मंदाताई इतक्या हसल्या की कप खाली ठेवावा लागला. "अहो, सोडा," त्या म्हणाल्या. "साखर कमी आहे, आलं कच्चं आहे आणि कप फुटका आहे. लिहा."

मी लिहिले. खाली 'नोंद घेतली' म्हणून सही केली. तेव्हा कुठे आजींनी त्यांचा हात सोडला.

मोठे शब्द मला येत नाहीत. आम्हा सर्वांचे मागणे एवढेच, की मंदाताईंना भरपूर वर्षे मिळोत, त्या वर्षांत त्यांचे हातपाय असेच चालते राहोत, आणि त्यांच्या चहात रोज सकाळी काही ना काही कमी निघो.